संध्याकाळी रस्ता परत मिळतो का?

मोनॅकोत शर्यतीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी रस्ता लोकांना परत देतात. दुपारी ज्या बोगद्यातून फॉर्म्युला वनच्या गाड्या ताशी २९० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतात, त्याच बोगद्यातून रात्री कुणीतरी स्कूटरवर पिशवी अडकवून घरी चाललेलं असतं. कठडे तसेच उभे, जाळ्या तशाच ताणलेल्या, पण रस्ता पुन्हा रस्ता होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत मागून घेतात. १९२९ साली तिथली पहिली शर्यत झाली. जवळजवळ शंभर वर्षं एक छोटं शहर आपला रस्ता उसना देतंय आणि परत घेतंय. स्ट्रीट सर्किटबद्दल, म्हणजे शहराच्या रोजच्या रस्त्यांवर आखलेल्या शर्यतीच्या वाटेबद्दल, वाद निघाला की मला आधी ही देवघेव आठवते, गाड्या नंतर.

मी नेरूळला राहतो. २०२५ मध्ये नवी मुंबईत रात्रीची स्ट्रीट रेस भरवण्याचा करार जाहीर झाला. पाम बीच रोडवरून नेरूळच्या तलावाच्या बाजूने जाणारी ३.७५३ किलोमीटरची वाट, १४ वळणं, असा आराखडा वर्तमानपत्रांत आला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी दोन तट पडले. एकाचं म्हणणं, आधी खड्डे बुजवा, मग शर्यती लावा. दुसऱ्याचं म्हणणं, पोरांनी हे सगळं टीव्हीवरच बघायचं का? मी पंचवीस वर्षं शर्यती बघतो आहे. दोन्ही बाजूंचं मला पटतं, पण मधोमध उभं राहायची माझी इच्छा नाही. मला आपल्याकडे स्ट्रीट रेस हवी आहे. फक्त ती ज्या पद्धतीने आपल्याकडे येते आहे, त्या पद्धतीने नको.

हवी का, ते आधी सांगतो.

कायमस्वरूपी ट्रॅकवर चूक माफ असते. वळणाबाहेर डांबराचं मोकळं मैदान ठेवलेलं असतं. गाडी थोडी बाहेर गेली तर ड्रायव्हर फेरी मारून परत येतो. २०२३च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीत पांढऱ्या रेषेबाहेर गाडी गेल्याच्या बाराशेहून जास्त नोंदी पंचांना तपासाव्या लागल्या. शर्यत संपल्यावर कितीतरी तासांनी निकाल बदलले. ज्या रेषेबाहेर जाऊन काहीच बिघडत नाही, ती रेष कोण पाळणार? स्ट्रीट सर्किटवर हा प्रश्नच उरत नाही, कारण रेषेच्या जागी भिंत असते. चाक आणि भिंत यांच्यात चार बोटांचं अंतर राखून गाडी नेणारा आणि हातभर अंतर ठेवून नेणारा, यांच्यातला फरक बघणाऱ्या शाळकरी मुलालाही कळतो. घड्याळाची गरज पडत नाही.

भिंतीचं हे शास्त्र ब्राझीलचा ड्रायव्हर आयर्टन सेना याच्याइतकं कुणाला उमगलं नसावं. १९८८ मध्ये मोनॅकोच्या पात्रता फेरीत त्याने अलेन प्रॉस्टला १.४२७ सेकंदांनी मागे टाकलं. दोघांची गाडी एकच, मॅक्लारेन. तीन-साडेतीन किलोमीटरच्या वाटेवर, सारख्याच गाडीत, जगज्जेत्या ड्रायव्हरपेक्षा जवळजवळ दीड सेकंद! आणि त्याच शर्यतीत, भरपूर आघाडीवर असताना, ६७व्या फेरीत पोर्तिएच्या वळणावर तो कठड्याला धडकला. तिथून तो पिटमध्ये, म्हणजे संघ टायर बदलतो आणि गाडी दुरुस्त करतो त्या जागी, परतलाच नाही, जवळच असलेल्या आपल्या घरी चालत निघून गेला. जगातल्या दुसऱ्या कुठल्या मैदानावर हे घडेल? पुढच्या पाच वर्षांत त्याने ही शर्यत सलग पाच वेळा जिंकली. १९८७ची धरून सहा. तो विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही.

स्ट्रीट सर्किटचं डांबरही ट्रॅकसारखं वागत नाही. शुक्रवारी सकाळी त्यावर शहराची धूळ आणि तेल असतं, टायर धरत नाही. गाड्या फिरतात तसतसं रबर बसत जातं, आणि शनिवारी दुपारपर्यंत तोच रस्ता कितीतरी वेगवान झालेला असतो. पावसात झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे काचेसारखे घसरतात. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला दिलेला उतार ब्रेक लावताना एक चाक हलकं करतो. ज्या रस्त्याने आपण रोज जातो त्याचे बारीकसारीक गुणदोष तीनशेच्या वेगाने समोर येतात. ही मौज कितीही पैसे ओतून माळरानावर बांधता येत नाही.

इथवर बाजू घेतली. आता जे खटकतं ते. तेही मोनॅकोपासूनच सुरू करतो, कारण दोषही तिथेच सगळ्यात स्वच्छ दिसतो.

२०२४ साली तिथे पहिल्याच फेरीत मोठा अपघात झाला आणि लाल झेंडा लागला. गाड्या थांबल्या तेव्हा सगळ्यांनी टायर बदलून घेतले. म्हणजे पुढे पिटमध्ये येण्याचं कारणच संपलं. मग उरलेल्या फेऱ्या मिरवणुकीसारख्या झाल्या. पहिले दहा ड्रायव्हर ज्या क्रमाने सुटले होते त्याच क्रमाने पोहोचले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं आधी कधी झालं नव्हतं. पुढच्या वर्षी प्रत्येकाला दोन पिट स्टॉप सक्तीचे केले, तर काही संघांनी आपली एक गाडी मुद्दाम हळू चालवून मागच्यांना अडवलं आणि दुसऱ्या गाडीला आयता वेळ मिळवून दिला. नियम बदलला, पण रस्ता तेवढाच राहिला. सेनाच्या काळातली गाडी साडेपाचशे किलोच्या आतबाहेर होती. २०२५ची गाडी आठशे किलोची, दोन मीटर रुंद आणि पाच मीटरहून लांब. बैलगाडीच्या वाटेवर ट्रक आणल्यावर मागच्याने पुढे जायचं कुठून? दोष गल्लीत नाही. गल्ली होती तशीच आहे, गाडी फुगली.

तरीही २०२४चा तो कंटाळवाणा रविवार मी शेवटपर्यंत बघितला, कारण पुढे शार्ल लक्लेर होता. त्याच रस्त्यांवर वाढलेला मुलगा. १९३१मध्ये लुई शिराँ जिंकला होता, त्यानंतर मोनॅकोचा माणूस मोनॅकोत पहिल्यांदाच जिंकत होता. पुढच्या गाड्यांत ओव्हरटेक एकही नाही, आणि तरी शेवटच्या दहा फेऱ्यांत मला खुर्चीवर टेकवत नव्हतं. शर्यत म्हणून ती निकृष्ट होती आणि त्या गावासाठी ती मोठ्या सणाची संध्याकाळ होती. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

स्ट्रीट सर्किटवरचा दुसरा दोष जास्त गंभीर. तिथे अपघाताला बाजारभाव असतो. बंद पडलेली गाडी ढकलायला जागा नाही, म्हणून क्रेन येते, म्हणून सगळ्यांना हळू करून एका रांगेत आणणारी सेफ्टी कार येते, आणि मेहनतीने मिळवलेली आघाडी क्षणात शून्य होते. सिंगापूरमध्ये २००८ ते २०२३ एकही शर्यत सेफ्टी कारशिवाय पार पडली नाही. पहिल्याच वर्षी, फॉर्म्युला वनच्या पहिल्या रात्रीच्या शर्यतीत, रेनॉ संघाने नेल्सन पिके ज्युनिअरला ठरवून भिंतीवर आदळायला लावलं, म्हणजे सेफ्टी कार येईल आणि संघातला दुसरा ड्रायव्हर फर्नांडो अलोन्सो पुढे निघेल. तसंच झालं. अलोन्सो जिंकला, आणि वर्षभराने बिंग फुटलं. आदळायची जागाही विचार करून निवडली होती, जिथून गाडी चटकन उचलता येणार नाही अशी. भिंत ही परीक्षा असते असं मी वर म्हटलं. ती हत्यारही होऊ शकते.

आणि जमिनीखालचं शहर. रस्ता म्हणजे नुसतं डांबर नव्हे, त्याखाली गटारं, पाण्याचे व्हॉल्व्ह आणि केबल असतात. या गाड्यांच्या पोटाखाली हवेचा दाब इतका कमी होतो की लोखंडी झाकणं उचलली जातात. म्हणून शर्यतीआधी ती वेल्डिंग करून बसवतात. २०१९ मध्ये बाकूला एक झाकण निसटलं आणि जॉर्ज रसेलच्या विल्यम्स गाडीचा तळ फाटला. वर कहर म्हणजे ती गाडी परत आणणाऱ्या ट्रकची क्रेन पुलाला धडकली आणि तिचं तेल गाडीवर सांडलं. २०२३ मध्ये लास व्हेगासला सराव सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती तेव्हा कार्लोस साइन्सच्या फेरारीखाली पाण्याच्या व्हॉल्व्हचं झाकण उखडलं. पुढचा सराव रात्री अडीच वाजता सुरू झाला. त्याआधीच तिकीट काढून आलेल्या लोकांना बाहेर काढलं होतं. साइन्सची काडीची चूक नव्हती. पण गाडीची बॅटरी बदलावी लागली म्हणून नियमावर बोट ठेवून त्यालाच शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगेत दहा जागा मागे जाण्याची शिक्षा झाली. पावसाळ्यात उघड्या मॅनहोलमध्ये माणसं वाहून गेल्याच्या बातम्या मुंबई-ठाण्यात आपण वाचल्या आहेत. झाकण नीट बसलेलं असणं ही आपल्याकडे शर्यतीच्याही आधीची गरज आहे. पाम बीचवरची झाकणं शर्यतीसाठी पक्की करणार असाल तर आतल्या सेक्टरमधलीही करा, हे म्हणणं मला अडवणुकीचं वाटत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मला घाईची भीती जास्त वाटते, वेगाची कमी. १९७५ मध्ये बार्सिलोनाच्या मोंज्युइक टेकडीवरच्या रस्त्यांवर स्पॅनिश ग्रां प्री होती. कठड्यांचे बोल्ट सैल असल्याचं ड्रायव्हरांना दिसलं. त्यांनी गाडी चालवायला नकार दिला, तेव्हा संघांचे मेकॅनिक स्वतः पाने घेऊन बोल्ट आवळायला लागले. जगज्जेता एमर्सन फिटिपाल्डी निषेध म्हणून शर्यतीत उतरलाच नाही. तरी शर्यत झाली. आघाडीवर असलेल्या रोल्फ श्टोमेलेनच्या गाडीचा मागचा पंख तुटला, गाडी कठड्यावरून पलीकडे गेली आणि तिकडे उभी असलेली माणसं मेली. फॉर्म्युला वन त्या टेकडीवर पुन्हा कधी गेली नाही. तेव्हापासून कठडे, जाळ्या, गाड्या सगळं सुधारलं. पण शुक्रवार उजाडला तरी कठडे लावणं चालू असणं, ही गोष्ट आजही घडते. आपल्याकडेही घडली. चेन्नईची ३.५ किलोमीटरची रात्रीची शर्यत आधी डिसेंबर २०२३ मध्ये व्हायची होती, ती चक्रीवादळामुळे पुढे गेली. २०२४च्या ३१ ऑगस्टला ती सुरू व्हायच्या दिवशीही एफआयए या जागतिक मोटार शर्यत संघटनेचं सुरक्षा प्रमाणपत्र हातात आलेलं नव्हतं. प्रकरण उच्च न्यायालयात होतं, मुदत वाढवून घ्यावी लागली, प्रेक्षक ताटकळले. शर्यत अखेर झाली आणि छान झाली. मात्र ती कुणाच्या तरी नशिबाने छान झाली, असं वाटायला नको होतं.

हैदराबादची शर्यत मी जाऊन पाहिली. ११ फेब्रुवारी २०२३, फॉर्म्युला ई, हुसेनसागरच्या काठावरची २.८३ किलोमीटरची वाट. माझी जागा एका वळणाच्या बाहेरच्या अंगाला होती. विजेवरच्या गाड्या असल्याने आवाज शिट्टीसारखा, आणि त्यामुळे एरवी जे ऐकू येत नाही ते ऐकू येत होतं: टायरची करकर, गाडीचा तळ रस्त्याला घासल्याचा खर्रकन आवाज, आणि गाडी जवळून गेली की काँक्रीटच्या ठोकळ्यांमधून उमटणारी थाप. शर्यतीत जॅग्वारच्या दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळून बाद झाल्या. शेवटच्या फेऱ्यांत आघाडीवरच्या जाँ-एरिक व्हर्ज्नकडे बॅटरी कमी उरली होती आणि निक कॅसिडी मागे चिकटला होता. व्हर्ज्नने त्याला पुढे जाऊ दिलं नाही. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. नातू महिंद्राचा झेंडा हलवत होता आणि आजोबा सारखे त्याला सांगत होते, हा आपला हुसेनसागरकाठचा रस्ता, बघ. गाड्यांपेक्षा त्यांना रस्त्याचंच जास्त अप्रूप होतं. मला तिथे कळलं की स्ट्रीट रेस काय देऊ शकते.

स्टेशनवर परत जाताना रिक्षावाला मात्र वैतागलेला होता. काही दिवस लकडी का पूलच्या बाजूने वळसे घालतोय, भाडं वाढतं म्हणून गिऱ्हाईक माझ्यावर चिडतं, असं तो सांगत होता. शर्यत कसली आहे हे त्याला धड ठाऊक नव्हतं. त्याच्या रस्त्यावर जगातले उत्तम ड्रायव्हर येऊन गेले आणि त्याच्या वाट्याला फक्त वळसा आला.

मी मूळचा पुण्यातल्या नाना पेठेतला. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला येते तेव्हा आमच्या भागात गाडी काय, सायकलही नेता येत नाही. आई आदल्या रात्रीपासून वारकऱ्यांसाठी पोह्यांच्या तयारीला लागायची. रस्ता बंद म्हणून कुरकुर करणारा माणूस मी त्या गल्लीत बघितला नाही. कारण रस्ता बंद होत नव्हता, तो आमच्याच कामासाठी उघडला जात होता. पालखी आणि मोटार शर्यत यांची तुलना मला करायची नाही. एक श्रद्धा आहे, दुसरा धंदा आहे. पण रस्ता बंद होणं हे माणसाला सोसतं की जाचतं, हे त्या दिवशी त्याला यजमान मानलं की अडथळा मानलं यावर ठरतं. मोनॅकोच्या माणसाला यजमान व्हायला शंभर वर्षं मिळाली. मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कमध्ये १९९६पासून शर्यत होते आणि बाग शर्यतीला दिल्याबद्दल तिथल्या काही रहिवाशांनी चालवलेलं आंदोलनही तितकंच जुनं आहे. गोव्यात मुरगावच्या बोगदा भागात शर्यतीचं नाव निघालं तेव्हा तिथल्या लोकांनी विरोध केला. त्यांना प्रगतीचे शत्रू म्हणणं सोपं आहे. त्यांच्या दारात येण्याआधी त्यांना कुणी विचारलं होतं का?

पैशाच्या बाबतीत तर विचारायलाच हवं. व्हॅलेन्सियाच्या बंदरातली शर्यत २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा लोकांच्या खिशाला एक पैसाही पडणार नाही असं सांगितलं होतं. २०१२ नंतर ती बंद पडली, आयोजक कंपनी कर्जासकट प्रांतिक सरकारच्या गळ्यात पडली, आणि सर्किटच्या जागी वर्षानुवर्षं गवत आणि गंजलेल्या जाळ्या राहिल्या. हैदराबादची दुसरी शर्यत २०२४च्या फेब्रुवारीत ठरलेली होती. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदललं आणि जानेवारीत ती रद्द झाली. पुढे आयोजकांना दिलेल्या सुमारे ५५ कोटी रुपयांवरून लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने गुन्हा नोंदवला. त्यात कोण बरोबर, हे न्यायालय ठरवेल. त्या आजोबांच्या नातवाला मात्र शर्यत पुन्हा दिसली नाही. करार पहिल्या दिवसापासून सगळ्यांसमोर असता, कुठल्या खात्यातून किती, कुणाच्या सहीने, कशाच्या बदल्यात, तर सरकार बदलल्यावर ती शर्यत टिकली असती असं मला मनापासून वाटतं.

अजून एक गोष्ट, जी या वादात कुणी काढत नाही. रस्त्यावर शर्यत होते, सराव होत नाही. वर्षातले तीन दिवस सोडले तर त्या वाटेवर कुणी ड्रायव्हर शिकू शकत नाही. नारायण कार्तिकेयन आणि करुण चंधोक हे फॉर्म्युला वनमध्ये पोहोचलेले दोघेही तमिळनाडूचे आहेत, हा योगायोग नव्हे. तिथे शोलावरमच्या धावपट्टीपासून इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या गाड्या पळत आल्या. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालच्या फॉर्म्युला टूपर्यंत गेला, पण घडला युरोपात. पिंपरी-चाकणला लाखो गाड्या बनवणाऱ्या महाराष्ट्रात आंतरराष्ट्रीय दर्जाचा एक कायमचा ट्रॅक नाही. कोल्हापूरजवळ मोहित्यांनी स्वतःच्या हिकमतीवर कार्टिंगचा ट्रॅक उभा केला, त्यावर मुलं तयार होतात. ते सरकारला दिसत नाही, आणि तीन रात्रींच्या झगमगाटासाठी करार होतात. पाम बीच रोडवर रात्री बारानंतर बाइक पळवणारी पोरं आम्ही खिडकीतून ऐकतो. त्यांतली काही घरी परत जात नाहीत. त्या पोरांना हेल्मेट घालून, पैसे भरून, कायदेशीर वेगात जायला जवळपास एक जागा द्या. मग वर्षातून एकदा रस्ता मागा. आम्ही देऊ.

आणि तलाव. नेरूळच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरतात, ती थंडी आणि उन्हाळ्याची पाहुणी. पंखांच्या त्या गुलाबी थव्याशेजारी रात्रभर फ्लडलाइट लावायचे असतील तर पक्षी नसतानाचे महिने निवडता येतात का, हे पक्षीतज्ज्ञांना विचारून, त्यांचं उत्तर छापून मगच तारीख ठरवा. पावसाळ्यात शर्यत होणार नाही हे मलाही कळतं. मग कदाचित हीच वाट चुकीची असेल, आणि ते मान्य करून दुसरीकडे बघावं लागेल.

मार्च २०२३ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडला माजी ड्रायव्हर डेव्हिड कुल्टहार्डने रेड बुलची फॉर्म्युला वन गाडी चालवून दाखवली तेव्हा केवढी गर्दी लोटली होती. शर्यत नव्हती, प्रतिस्पर्धी नव्हता, एक गाडी आणि तिचा आवाज, तरी लोक झाडांवर चढले. इथे भूक आहे. म्हणूनच वाटतं, पहिलं ताट नीट वाढा.

महापालिकेने सुनावणी ठेवली तर मी जाणार आहे. तिकिटाचा दर आणि कुठले ड्रायव्हर येणार, हे नंतर विचारीन. आधी एवढंच विचारायचं आहे: सीवूड्सहून रात्री एखाद्या बाईला बाळंतपणासाठी वाशीला न्यायचं झालं तर कठड्यातलं कुठलं फाटक उघडेल, त्याची किल्ली कुणाकडे असेल, आणि शेवटची फेरी संपल्यावर रस्ता किती वाजता परत मिळेल.